डावी टाच

माझा लेख बुधवारी छापून आला आणि गुरुवारी सकाळी साडेसातला माझा भाऊ ग्रेडन दार न वाजवता स्वयंपाकघरात शिरला. हातात चौघडी घातलेला पेपर. माझी मुलगी जुनी माझ्या मांडीवर होती, पाच महिन्यांची, माझ्या वेणीचं टोक चोखत.

"तुला हे कोणी सांगितलं?"

"कॉफी घे आधी."

"कॉफी प्यायला आलो नाहीये, लेटा. कोणी सांगितलं?"

ग्रेडन हा आमच्या गावच्या टॅलन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मुख्य कोच. हे त्याचं तिसरं वर्ष. तीनपैकी दोन सामने हरून झाले होते, आणि रविवारी सकाळी त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे'च्या सहा पाट्या रोवलेल्या सापडल्या होत्या. आमच्याकडे लोक कोचला निघा म्हणतात ते असं. त्याच्या बायकोने त्या उपटून गॅरेजमध्ये टाकल्या. दोघं चर्चहून परत येईतो सातवी उभी.

आणि त्यावर माझा लेख. हंगामाचे पहिले तीन सामने झाले की आमच्या गटातल्या आठही कॉलेजांबद्दल मत लिहायचं, क्रम लावायचा, हे काम आमच्या साप्ताहिकात तीस वर्षं एका औषधवाल्याने केलं. यंदा तो मुलीकडे फ्लोरिडाला राहायला गेला म्हणून ते माझ्याकडे आलं. जुनी झोपली की मी लिहायला बसायचे. तिच्या एका झोपेत एक संघ व्हायचा, कधी अर्धाच. रीत अशी की सप्टेंबरात टॅलन तिसऱ्याच्या खाली जात नाही, मैदानावर काहीही होवो. मी लिहिलं होतं:

"लॉकरिज, पहिलं. बघताना झोप येते, पण चुकत नाहीत. सेंट ऑडो, दुसरं. त्यांचा क्वार्टरबॅक चेंडू फार सुंदर फेकतो आणि ते त्याला ठाऊक आहे, हीच अडचण. पेल क्रीकने हेल्मेटं नवी घेतली, आतली डोकी तीच. टॅलन, सहावं. आपल्या पुढच्या फळीतला डाव्या टोकाचा गडी, आपला बेत चेंडू फेकायचा असला की आधीच डावी टाच वीतभर मागे घेतो. चेंडू घेऊन पळायचं असलं की घेत नाही. मला हे बाकावर बसून दिसतं. समोरच्या संघाला दिसत नसेल असं समजणं भाबडेपणाचं आहे."

बुधवारी दुपारीच पेट्रोल पंपावरच्या दुकानातल्या लुएलने माझी दुधाची बाटली पिशवीत न भरता तशीच पुढे सरकवली होती.

"तुझ्या आजोबांच्या नावाची देणगीची वीट आहे ना मैदानाच्या दारात?"

"आहे."

"जाताना उचकटून ने. सहाव्या नंबरच्या दारात कशाला ठेवतेस?"

हे चालायचंच. पण ग्रेडनचं वेगळं होतं. तो खुर्ची असून बसला नाही.

"ऑगस्टपासून सरावाच्या कुंपणाला ताडपत्री लावलीय. आत मी, पोरं आणि चार कोच. मलासुद्धा टाचेचं तुझ्या पेपरात वाचून कळलं. आतल्या कोणी सांगितल्याशिवाय तुला कळणं शक्य नाही. आणि तू राहतेस कोणाच्या अंगणात?"

अंगण माझ्या सासऱ्यांचं; त्यांच्या घरामागच्या छोट्या घरात आम्ही राहतो. विरगिल प्रूइट, चौतीस वर्षं टॅलनच्या पुढच्या फळीचे कोच. ग्रेडन खेळायचा तेव्हा त्यालाही त्यांनीच शिकवलं. डेल, माझा नवरा, आठवडाभर लाकडाच्या ट्रकवर असतो. जुनीला दिवसातून दोनदा खांद्यावर टाकून फिरवून आणतात ते विरगिल, आणि तिच्या कानात काय सांगतात ते आम्हाला कळू देत नाहीत.

"त्यांनी मला एक अक्षर सांगितलेलं नाही," मी म्हटलं.

"आज सराव संपला की मी त्यांना काढतोय. का काढलं ते विचारणाऱ्याला सांगणारही आहे. घरचं बाहेर नेणारा माणूस मला शनिवारी लॉकरिजच्या सामन्यात शेजारी उभा नको."

"मी स्वतः पाहिलं, ग्रेडन."

तो हसला. "तू? तू सगळा सामना त्या कोपऱ्यात पोरीला पाजत बसलेली असतेस."

"म्हणूनच. गोलच्या खांबांमागे सावली असते. तिथून आपली फळी पाठमोरी दिसते. पाय सोडून धड काही दिसत नाही, म्हणून पायच बघते."

"सासऱ्याला वाचवायला बरं सुचतं तुला."

"चार वाजता येते. चेंडू हलायच्या आधी सांगते, फेक की धाव. चुकले तर काढ त्यांना."

"हिला घेऊन?"

"नाही, हिला तुझ्या गॅरेजात ठेवते, पाट्यांपाशी."

त्याने पेपर टेबलावर आपटला आणि गेला. जुनी दचकली, रडली नाही.

चार वाजता मैदान तापलेलं होतं. मी खांबांमागच्या बाकावर बसले, जुनीला ओल्या फडक्याची टोपी घालून. ग्रेडन शेजारी उभा राहिला. खाली विरगिल फळीच्या समोर, शिट्टी तोंडात, आमच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या पोरांचे चेहरे वाचत. हे काय चाललंय ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. डाव्या टोकाला टोबायस, दाराएवढा पोरगा.

"सांग," ग्रेडन म्हणाला.

"फेक."

फेक झाली.

"धाव. धाव. फेक."

तिन्ही खरी ठरली. पाचवं, सहावं खरं. ग्रेडनने हातातल्या कागदावर खुणा करणं थांबवलं आणि तो नुसता टोबायसच्या बुटाकडे बघू लागला. मग त्याची नजर तिथून विरगिलकडे गेली, आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करतेय. माझं प्रत्येक उत्तर विरगिलना फितुरीतून सोडवत होतं आणि त्याच उत्तरात हेही सांगत होतं की पाजत बसलेल्या बाईला जे दिसलं ते त्यांना तीन सामने दिसलं नाही.

सातव्याला मी गप्प राहिले. टाच मागे गेलेली होती. धाव म्हटलं असतं तर मी चुकले असते, आणि बातमी फोडणारा कोच म्हणून त्यांना आख्ख्या जॉर्जियात कोणी शाळेच्या मैदानावरही उभं केलं नसतं.

"सांग की," ग्रेडन म्हणाला. "संपलं?"

"फेक."

बारा झाले. एकदाच चुकले, जुनीने केस ओढले तेव्हा.

ग्रेडनने खाली हाक मारली. विरगिल घाम पुसत कठड्यापाशी आले. पोरं ऐकतील इतक्या मोठ्याने ग्रेडन बोलला; तो मुद्दामच तसा बोलला.

"हिला मागून टाच दिसते. प्रत्येक वेळी. तुम्हाला का नाही दिसली?"

विरगिलनी माझ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे.

"मी समोर उभा असतो," ते म्हणाले. "हात बघतो, खांदे बघतो. चौतीस वर्षं तिथेच उभा आहे."

"सकाळी मला वाटलं होतं तुम्ही फोडलंत. खरं सांगू? ते बरं होतं. निदान तुम्हाला ठाऊक तरी होतं असं झालं असतं."

"मी फोडलं असं वाटलं तुला?"

ग्रेडनने हातातला कागद दुमडून खिशात घातला.

"सतरा वर्षांचा होतास तू, तेव्हापासून ओळखतोस मला," विरगिल म्हणाले. आवाज चढला नव्हता. "दिसलं नाही म्हणून काढ. ते खरं आहे. दुसरं तोंडातून काढलंस तर मी कठड्यावरून वर येईन."

"सोमवारपासून येऊ नका," ग्रेडन म्हणाला.

मी उठले. "ग्रेडन, लेख मी लिहिला. माझ्यावर काय राग काढायचाय तो काढ."

"तुझ्यावर? आठही कॉलेजांना वाचायला दिलंस तू ते. शनिवारी काय होतं ते बघायला ये, तुझ्या बाकावर." मग तो पायऱ्या उतरून गेला.

विरगिल कठड्यापाशीच होते. मला वाटलं ते जुनीला मागतील. त्यांनी हात पुढे केला नाही.

"छापायच्या आधी जेवायच्या टेबलावर सांगता आलं असतं, पोरी."

हंगामात टेबलावर फुटबॉलचा शब्द काढायचा नाही, हा त्यांच्याच घरातला नियम. सासूबाई होत्या तेव्हापासूनचा. पण टेबल सोडून अंगण होतं, आणि अंगणात ते रोज दोनदा माझ्या दाराशी यायचे. मला लेख चांगला जमला होता. मला तो छापून यायला हवा होता.

"हो," मी म्हटलं. "आलं असतं."

ते वळले. मी समजले, घरी निघाले. पण ते सरळ टोबायसकडे गेले आणि त्याच्या मागे, गवतात, आधी एक गुडघा आणि मग दुसरा असं सावकाश टेकवत बसले. त्या भल्यामोठ्या बुटाची टाच त्यांनी मुठीत धरली.

"विरगिल," ग्रेडन मैदानाच्या मधून ओरडला, "मी काय म्हणालो ते ऐकलंत ना?"

"सोमवार म्हणालास," विरगिल मान वर न करता म्हणाले. "आज गुरुवार आहे. चल रे, उभा राहा नीट. पुन्हा."