कोटाआडचा कॅमेरा

मगरिबची, सूर्यास्तानंतरची, नमाज आटोपली आणि कैरोतील त्या मशिदीच्या सभागृहात सांत्वनाची बैठक भरली. एकेकाळची विख्यात अभिनेत्री दुर्रिया लुत्फी हिचा धाकटा भाऊ निवर्तला होता. स्वतःच्या आजारपणापासून दुर्रियाने जगासमोर येणे सोडले होते. म्हणूनच दाराबाहेर, दोरीपलीकडे, छायाचित्रकारांची झुंबड उडाली होती.

वृत्तपत्राचा जुना छायाचित्रकार रिफअत त्या झुंबडीत नव्हता. "तिचा चेहरा आण, नाहीतर उद्यापासून घरी बस," असे संपादकांनी त्याला बजावले होते. कॅमेरा कोटाआड दडवून तो शोकार्थींच्या रांगेत शिरला.

"काय उस्ताद, रडायची तालीम झाली का?" दोरीपलीकडच्या छायाचित्रकारांतल्या शुक्रीने टोमणा मारला.

"तोंड बंद ठेव रे!"

दाराशी दुर्रियाच उभी होती, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. रिफअतच्या ओठांवर सवयीचे शब्द आले, "त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, मादाम."

"रिफअत ना तू? मुखपृष्ठावरचा माझा पहिला फोटो तुझाच. बस बाबा, कॉफी घे."

तो बसला. शोकप्रसंगी देतात ती बिनसाखरेची कॉफी हाती आली. कारींच्या धीरगंभीर स्वरात कुराणपठण चालले होते. समोरच्या खुर्चीवर दुर्रियाने चष्मा उतरवला आणि रुमालाने डोळे टिपले. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडून ओघळली होती. आत आपलीच माणसे आहेत, अशा निर्धास्तपणाने ती बसली होती. रिफअतचा हात कोटाच्या गुंडीपाशी गेला. दुसऱ्या हातात अर्धा प्याला होता.

त्याने गुंडी उघडली नाही. कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि पठण थांबल्यावर निरोप घ्यायला उठला.

"काढलास फोटो?" दुर्रियाने हळूच विचारले. "कोट केवढा फुगलाय. येतानाच दिसलं होतं मला."

रिफअतची मान खाली गेली. "नाही काढला. पण दिसलं होतं, तर मला आत का घेतलंत?"

"सांत्वनाला आलेल्याला दारातून कोण परत पाठवतं, रिफअत?"

बाहेर येताच शुक्रीने त्याला गाठले. "मिळाला ना? दाखव तरी!"

"कॉफी मिळाली," रिफअत म्हणाला. कॅमेरा कोटातून काढून त्याने उघडपणे खांद्याला अडकवला आणि संपादकांना फोन लावला. "साहेब, उद्या मी येणार नाही."