वाघोलीतले समुद्री ससे

दीपमालाबाईंनी एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत माणूस या प्राण्याबद्दलचं त्यांचं मत खालीच येत गेलं. निवृत्तीनंतर बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी आणि त्या, असं दोघींचं बरं चाललं होतं. तेवढ्यात त्यांचा जुना विद्यार्थी रविराज याचा फोन आला.

"मॅडम, आमचे समुद्री ससे मरायला लागलेत. येता का जरा?"

प्राणिशास्त्रात दोनदा गचकलेला हा मुलगा. वाघोलीतली वडिलोपार्जित जमीन बिल्डरला गेली, तेव्हापासून मात्र तो कशातच नापास होत नव्हता. बंगल्याच्या हॉलमध्ये त्यानं सहा फुटी समुद्री टाकी बसवली होती. त्यात शेवाळ माजलं, म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून चार समुद्री ससे आणले. समुद्री ससा म्हणजे मुठीएवढी, अंगावर कवच न दिसणारी गोगलगाय. डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं असतात आणि दिवसभर शेवाळ चरणं एवढाच उद्योग.

बाई गेल्या. टाकीच्या काचेला दोनच ससे चिकटले होते, तेही सुरकुतलेले.

"बाकीचे दोन?"

"एक पंपात ओढला गेला. सगळं पाणी जांभळं! काय कलर होता, मॅडम! मी रील टाकलं."

"मरताना त्यानं शाई सोडली आणि तू त्यावर गाणं लावलंस. छान. दुसरा?"

"तो आपोआप गेला."

"आपोआप कोणी मरत नाही, रविराज. आपोआप फक्त तू पास झालास." बाईंनी टाकीतल्या दगडांकडे पाहिलं. ते घासून काढल्यासारखे लख्ख होते. "शेवाळ कधी संपलं?"

"तीन आठवडे झाले. एकदम क्लीन केलं ना त्यांनी!"

"मग तीन आठवडे त्यांनी काय खायचं? तुझं कौतुक?"

कोपऱ्यातल्या सोफ्यावर रविराजची आई, मथुराबाई, पाय वर घेऊन बसल्या होत्या. "मी म्हनलं व्हतं त्याला," त्या म्हणाल्या. "गवत सपल्यावर जनावराला काय घालनार? तर म्हनतो, आई, तुला यातलं काय कळतंय."

दीपमालाबाई हसल्या, वर्गात ढ मुलाच्या प्रश्नावर हसायच्या तशा. "ही गाय-म्हैस नव्हे, मथुराबाई."

"तोंड हाय नव्हं त्याला? मग झालं की."

बाईंनी टाकीकडे मोर्चा वळवला. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधायला लावला, वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे कागदासारखे पापुद्रे कुठे मिळतील ते लिहून दिलं आणि एक ससा पिशवीत भरून घेतला. "हा मी नेते. एक तरी जगू दे."

घरी त्यांनी दोन तास बारीक नळीनं थेंबथेंब पाणी सोडून सशाला नव्या पाण्याची सवय केली. रविराजला हे सात जन्मांत जमलं नसतं, असं मनाशी म्हणत सशाला टाकीत सोडलं. तिसऱ्या दिवशी त्यानं काच सोडली. चौथ्या दिवशी तो तळाशी उताणा पडला होता.

पाण्याचा खारेपणा बरोबर, तापमान बरोबर. मग खुर्चीत बसल्या बसल्या बाईंना आठवलं. चार वर्षांपूर्वी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते, तेव्हा याच टाकीत त्यांनी तांब्याचं औषध घातलं होतं. वाळूत, दगडांत ते मुरून राहतं. बिनकण्याच्या जीवांना तांबं म्हणजे विष, हे वाक्य त्यांनी दर वर्षी वर्गाला उतरवून घ्यायला लावलं होतं.

रविराजनं फोनवर विचारलं, "तुमचा कसा आहे, मॅडम?"

"उत्तम," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी मायलेक दारात उभे राहिले. रविराजच्या हातात बादली होती. बादलीत दगड होते, आणि दगडांवर बोटभर हिरवंगार शेवाळ.

"आईनं केलंय," रविराज म्हणाला. "टाकीचं बदललेलं पाणी गच्चीवर टबांत ठेवलं, उन्हात. त्यात दगड टाकले. दर चार दिवसांनी एक दगड आत, एक बाहेर. आमचा ससा दुप्पट झालाय."

"कुरन पाळीपाळीनं सोडायचं, येवढंच," मथुराबाई म्हणाल्या. "हे तुमच्यावाल्याला. कुठं हाय त्यो?"

रविराज टाकीपाशी वाकला. "लपलाय का?"

"मेला," दीपमालाबाई म्हणाल्या. "चौथ्याच दिवशी. टाकीत जुनं औषध होतं, मी विसरले. आणि फोनवर तुझ्याशी खोटं बोलले."

रविराजनं काहीतरी लागट बोलावं म्हणून त्या थांबल्या. त्यांनी स्वतः अशी संधी सोडली नसती. तो मात्र कावराबावरा होऊन बादलीकडे बघत राहिला. त्याची ती भीड बाईंना टोमण्यापेक्षा झोंबली.

"इसरतं मानूस," मथुराबाई म्हणाल्या. "च्या टाका, बाई. लई ट्रॅफिक व्हतं."

चहा झाल्यावर दीपमालाबाईंनी गच्चीवर टब कुठल्या दिशेला ठेवलेत ते विचारलं. पुढच्या रविवारी त्या स्वतः ते बघायला वाघोलीला गेल्या, आणि मग जातच राहिल्या. तो ससा आणखी सात महिने जगला. पिवळ्या शेवयांसारखी अंडी त्यानं दगडांवर घातली आणि आयुष्य भरल्यावर गेला.

आठवड्यानं रविराज म्हणाला, "मॅडम, आता जेलीफिश आणू का?"

"अक्कल आहे का तुला?" बाई म्हणाल्या. "आधी आईला विचार."