खापरपणजोबांचा शेला

इंग्रज नवे होते तेव्हा आमचे खापरपणजोबा धुळ्याला सरकारी वकील होते. साहेबाने दिलेला त्यांचा शेला अजून घरातल्या प्रत्येक नवरदेवाच्या खांद्यावर पडतो. सोबतचा मोडी कागद कुणालाच वाचता येत नव्हता. मी घरी बसून, पुस्तकावरून मोडी शिकले, म्हणून पुतण्या ललितच्या लग्नात तो वाचायचा मान मला मिळाला. आठवडाभर मी मिरवत होते.

लग्नाच्या सकाळी कागदाचा अर्थ लागला. साक्रीकडचे चार भिल्ल माफीच्या शब्दावर शरण आले होते. वकीलसाहेबांनी कोर्टात सांगितलं, शब्द तोंडी होता, सरकारला बांधत नाही. चौघांना फाशी झाली. शेला त्याचं बक्षीस.

मांडवात माझे दीर, नाना, ओरडले, "वाचा वहिनी, बठ्ठा लोक थांबलेत!"

"अक्षर लागत नाही," मी म्हणाले.

"इतलं शिकीसनी बी?"

सगळे हसले. मीही हसले.

"काकू, शेला घसरतोय," ललित म्हणाला.

मी पुढे झाले आणि त्याच्या खांद्यावर टाचणी लावून दिली.