स्वतःच्याच डोक्यावर चढणारी टेकडी

मित्रांनो, मी एक जुनी टेकडी आहे, पण मूळची खड्ड्यातली. सम्राटांच्या बागेत तळं खणलं, त्यातून निघालेल्या चिखलाचा ढीग म्हणजे मी. त्यामुळे माझा जीव कधीच थाऱ्यावर नसतो. पाऊस लागला की घर आठवतं आणि मी हळूहळू तळ्यात घसरते.

नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी आमच्याकडे उंच जागी चढायची रीत आहे. वृद्ध राजमातांना खरा डोंगर झेपत नसे, म्हणून त्यांना माझ्यावर चढवत. मी उंच वाटावं म्हणून लांबच्या डोंगरांतलं धुकं मेणकापडाच्या पिशव्यांत भरून आणत. पिशव्या उघडेपर्यंत त्यात ओलाव्याशिवाय काही उरत नसे. मग माळी ग्वान माझ्या कपारींत ओला पेंढा जाळी आणि धुकं उत्तम आल्याचं सगळे एकमेकांना सांगत.

मी घसरले की ग्वान तळ्यातला चिखल उपसून माझ्या माथ्यावर टाकी. म्हणजे दरवर्षी मी स्वतःच्याच डोक्यावर चढत असे.

"अहो, तीच माती वर, तीच खाली," त्याची बायको सुयिन म्हणाली. "एक दिवस वरचा मंडप कलेल आणि तुम्हाला सरहद्दीवर उंट राखायला धाडतील."

"उंची वीतभर कमी भरली तरी धाडतील."

"मग उंट पक्केच म्हणायचे."

त्या वर्षी पाऊस फार झाला. ग्वानने घाबरून दुप्पट चिखल चढवला. नवव्या दिवशी राजमाता धापा टाकत वर आल्या, मंडपात बसल्या, हातात शेवंतीच्या दारूचा पेला घेतला. धूर सुटला. मला राहवेना. मी निघाले.

धूर विरला तेव्हा मंडप तळ्याकाठी उभा होता. राजमाता आत तशाच बसलेल्या. ग्वानने कपाळ जमिनीला टेकवलं.

राजमातांनी पेल्यात डोकावून पाहिलं. "उतरायची सोय कुणी केली?"

ग्वानच्या मागून सुयिन पुढे येत म्हणाली, "टेकडीनं, आईसाहेब. तिला खालीच बरं वाटतं."

"मग तिला सारखं वर कोण चढवतं?"

ग्वानने हात वर केला.

"माझंही मेले हेच करतात," राजमाता म्हणाल्या. "मला घरी बसायचं असतं, आणि दरवर्षी वर चढवतात. हिला बसू द्या. मलाही."

तेव्हापासून माझ्या डोक्यावर चिखल पडला नाही. ग्वानने पायथ्याशी बांबू लावले आणि उंटांचं तोंडही न पाहता म्हातारा झाला. मी आता निम्मीच उरले आहे. लोक येतात आणि "हीच का ती?" म्हणतात.

मित्रांनो, खुशाल या, माझ्यावर चढा. फक्त बांबूचे कोंब उपटू नका. त्यांच्या मुळांनीच मला धरून ठेवलं आहे. ती सुटली तर मी घरी जाईन, आणि तुम्हालाही घेऊन जाईन.