दाभणाचे टाके

किशोरनं दात घासायच्या जुन्या ब्रशला खोबरेल लावलं आणि जॅकेटच्या चेनवरून दोनदा फिरवलं. काळा मळ निघाला. खाली पितळ निघेल असं त्याला वाटलं होतं. निघालं पांढरं, नवंकोरं.

"बदललीय," तो म्हणाला. "चांगल्या जर्किनची वाट लावली."

चंद्राबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"कुणी?"

"कुणाला ठावं. पण चेन गेली की जर्किन मुकं. साल त्याच्यावरनंच कळतं. रनर कुठला, दाते कशाचे, मागं काय छापलंय. आता हे कधीचं म्हणून सांगू?"

"मग तुटल्यावर काय उघड्या छातीनं हिंडायचं माणसानं?" तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला. "तुज्या आप्पाचं पण मुकंच म्हणायचं मग."

ब्रश थांबला.

"म्हंजी?"

"त्याची चेन बदलेली की. पौडच्या टेलरकडनं. खोकला झालेला त्यांना, चेन तर लागत न्हवती. मी म्हणलं प्लास्टिकची घाला, गंजायचं काम न्हाई."

"कधी?"

"जायच्या आधी. दोनेक म्हयनं."

"फोटोत पितळेची हाय, आई."

"फोटो आधीचा हाय. भावकीतल्या लग्नातला."

किशोर उठला. परत बसला. दाराजवळच्या भिंतीत तीन खुंट्या होत्या. एकीवर त्याची पिशवी असायची, तिसरीवर आईचा टॉवेल. मधली आप्पाची, रिकामी. अकरा वर्षं रिकामी. तिला कुणी काही अडकवत नसे. पाहुण्यानं चुकून टोपी लावली तरी चंद्राबाई गुपचूप काढून खाटेवर ठेवायची.

त्याचा बाप नथू कोळवणच्या एका बंगल्यावर माळीकाम करायचा. बंगल्याच्या साहेबानं त्याला ते जॅकेट दिलं होतं. पुढं नथूच्या डोक्यात फरक पडला. माणसं ओळखेना, घरची वाट चुकायचा. एका सकाळी तो माल्याच्या स्टॉपवर एस्टीत बसला आणि गेला. मे महिना होता आणि अंगात कातड्याचं जॅकेट, म्हणून कंडक्टरच्या लक्षात राहिला. स्वारगेटला उतरला एवढं त्यानं सांगितलं. त्याच्यापुढं कुणीच काही सांगितलं नाही.

किशोर तेव्हा तेरा वर्षांचा होता. मागं राहिलेल्या एका फोटोवरून त्यानं ते जॅकेट शोधायला घेतलं. आधी नुसतं चित्र, तसलं दुसरं कुठं दिसतंय का एवढंच. मग कॉलरची टोकं. मग टिचबटणं. धुण्याच्या खुणांची चिठ्ठी आत असली की माल फार जुना नाही, हे मोबाईलवर वाचून कळलं. कातड्याला एकदा सुई लागली की भोक बुजत नाही, हे हात लावून लावून कळलं. घरात ते तो इतक्यांदा बोलला होता की चंद्राबाई टेलरलासुद्धा ऐकवायची. शिकवलं कुणी नाही. आता पुण्याची पोरं त्याला फोटो पाठवायची, हे कधीचं सांगा म्हणून. तो सांगायचा. जुनी जॅकेटं घ्यायचा, विकायचा. पण प्रत्येक जॅकेट हातात आलं की आधी चेन बघायची हा त्याचा नेम. पितळेची आणि रनरला गोल कडी असली तर पुढं बघायचं. नसली तर बाजूला.

दरवेळी तो बाजूलाच ठेवत आला होता. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, आपण काय काय बाजूला ठेवलं असेल.

आणि मग त्याला ते आठवलं.

तीन आठवड्यांपूर्वी मनीषकडून गठ्ठा आला होता. मनीष लांबलांबून जुने कपडे गोळा करायचा. ह्या गठ्ठ्यातले सातारच्या बाजूच्या एका बेवारस लोकांच्या आश्रमातले होते. तिथं माणूस वारला की त्याचे कपडे देऊन टाकत. असले कपडे चंद्राबाई घरात घेऊ द्यायची नाही. तीन दिवस ओट्यावर उन्हात, वरून मीठमोहरी उतरून टाकायची, आणि स्वतः बोट लावायची नाही. त्यात एक तपकिरी जॅकेट होतं. चेन काळी, प्लास्टिकची. किशोरनं आतही बघितलं नव्हतं. नव्वदनंतरचं म्हणून इतर तीन जॅकेटांबरोबर भूगावच्या कौस्तुभला देऊन टाकलं होतं.

त्यानं कौस्तुभला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला.

"काय झालं रं?" चंद्राबाईनं विचारलं.

"अजून काय काय केलेलंस त्याला? आठव. टेलरकडं अजून काय केलं?"

"टेलरनं न्हाई काय. नाडी मी शिवलेली. खुंटीला अडकवायची, कॉलरच्या मागची. तुटलेली ती."

"कशानं शिवलीस?"

"दाभणानं. गोधडीचा दोरा होता, लाल. कातडं लई जाड, दाभण जाईना. वरवंट्यानं ठोकलं." तिनं डावा अंगठा त्याच्यापुढं धरला. नखाच्या खाली पांढरा वण होता. "सहा टाके पडले सरळ. सातवा खाली घसरला तो हितं."

तो बुटाच्या नाड्या न बांधताच निघाला होता. चंद्राबाईनं मागून हाक मारली.

"कुटनं आलेलं ते जर्किन?"

तो गाडीला किक मारत होता. ऐकू आलं नाही असं त्यानं केलं. पण तिची नजर ओट्याकडं गेलेली त्यानं बघितली. गठ्ठा ठेवायची ती जागा.

पौडला त्यानं परत फोन लावला. पिरंगुटला ट्रक अडकले होते. तो गटाराच्या कडेनं गाडी काढत होता, तर एका ड्रायव्हरनं वरूनच शिवी घातली. ते तेच असावं असं वाटत होतं. आणि ते तेच असलं तर काय, हे मनात येऊ द्यायचं नव्हतं. दोन्ही एकदम होत होतं. घाटाच्या वळणावर त्यानं गाडी थांबवली, बुटाच्या नाड्या बांधल्या, आणि परत निघाला. सातवा टाका घसरलेलाच असू दे. सातवा टाका घसरलेला नसू दे.

सहाव्या मजल्यावर कौस्तुभच्या बायकोनं, अनुष्कानं, दार उघडलं.

"तुम्हीच ना ते जॅकेटवाले? या. तो कॉलवर आहे, पण तुमचं नाव काढलं तर लॅपटॉप बंद करेल बघा."

खरंच केला. कौस्तुभ अकोल्याचा, कंपनीत नोकरीला. गळ्यात हेडफोन तसाच ठेवून बाहेर आला.

"या या, गुरुजी. फोन सायलेंटवर होता. मी तुम्हाला करणारच होतो. तुम्ही फसलात बरं का या वेळी."

"ते तपकिरी," किशोर म्हणाला. "आहे ना अजून?"

"आहे ना म्हणजे? दाखवतोच." तो आत गेला आणि हँगरसकट घेऊन आला. "नव्वदनंतरचं म्हणालात. कॅम्पातल्या कारागिरानं ती प्लास्टिकची चेन उसवली, तर खाली भोकांच्या दोन रांगा. म्हणजे आधी दुसरी होती. आतल्या चिठ्ठीवर धुण्याच्या खुणासुद्धा नाहीत. सत्तरच्या आसपासचं आहे हे. मग मी जुनी पितळेची चेन शोधली. सेम त्या काळातली. आता बघा."

किशोर बघत राहिला. पितळेची चेन. रनरला गोल कडी. कॉलरची टोकं खाली वळलेली. अकरा वर्षं फोटोत बघितलेलं जॅकेट समोर हँगरला लटकत होतं, आणि इतकं हुबेहूब होतं म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. असं तर कुठलंही करून घेता आलं असतं.

"अस्तर?" त्यानं विचारलं.

"नवीन. जुनं सडलं होतं हो. आणि वास. फिनेलचा, दवाखान्यात असतो तसा. अनुष्कानं घरात ठेवू दिलं नाही."

"गॅलरीत ठेवलं होतं आठ दिवस," अनुष्का आतून म्हणाली. "तरी यायचा."

"जुनं अस्तर कुठंय?"

"घंटागाडीत. कधीच गेलं."

"खिशात काय होतं?"

"लगदा. कागदाचा. तिकीट असेल कसलं तरी." कौस्तुभनं आता नीट त्याच्याकडं बघितलं. "का हो? काही प्रॉब्लेम आहे का? कुणाचं होतं का ते?"

वाटेत किशोरनं ठरवलं होतं की ते परत मागायचं. हातापाया पडून मागायचं, पण घेऊनच जायचं. तो शब्द तोंडाशी होता.

"मागची नाडी?" तो म्हणाला.

"ती काढून टाकली. काय तरी लाल दोऱ्यानं शिवलेलं होतं, एकदम गावठी. कारागीर म्हणाला नाडी काढतो, पण भोकं जाणार नाहीत."

किशोरनं जॅकेट हातात घेतलं. कॉलर उलटली. डोळ्यांनी बघायचं धाडस झालं नाही, म्हणून बोट फिरवलं. एक. दोन. तीन. दाभणाची भोकं, सुईची नव्हे, बोटाला लागतील एवढी. चार, पाच, सहा. ओळ सरळ होती. मग कातडं गुळगुळीत लागलं. तो थांबला. बोट तसंच खाली सरकवलं, अर्धा इंच.

सातवं तिथं होतं.

त्यानं कॉलर सरळ केली. हातानं दाबून बसवली. जॅकेट हँगरला लावून कौस्तुभकडं दिलं.

"छान झालंय," तो म्हणाला. "माझंच चुकलं. मी चेन बघून ठेवून दिलं."

"होतं हो. पण साल लिहून द्याल ना? सत्तर?"

"देतो."

"नाडी लावून घेऊ का परत? खुंटीला अडकवायला बरी."

"नको. हँगरलाच ठेवा."

जिन्यात त्यानं मनीषला फोन केला. लिफ्ट आली नि गेली.

"त्या आश्रमात नावं लिहून ठेवत्यात का रे माणसांची?"

"ज्यांना आठवतं त्यांची लिहितात," मनीष म्हणाला. "बाकीच्यांना नंबर."

"आणि ते गेलेत हे नक्की? कपडे ज्यांचे आलेले ते?"

"गेल्याशिवाय कपडे देतील का अंगावरचे? का रे, कुणी परत मागतंय का?"

"न्हाई," किशोर म्हणाला. "कोण मागणार."

तो पायऱ्यांवर बसला. खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता. तीन शिट्ट्या झाल्यावर तो उठला. जॅकेट वर राहू दे. ते घरी नेलं तर तिच्या हातात द्यावं लागणार. नाही नेलं तर सांगता येईल, नव्हतं ते. पिरंगुट येईपर्यंत त्यानं वाक्य पक्कं केलं. पौडला ते एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. हेल्मेटमध्ये बरं वाटलं.

चंद्राबाई होती तिथंच होती. तांदूळ कधीच निवडून झाले होते, सूप मांडीवर तसंच. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं. त्यानं बूट काढले, पिशवी खांद्यावरच.

"नव्हतं ते," तो म्हणाला. "दुसरंच कुणाचं तरी."

"बघितलंस नीट?"

"बघितलं. त्यानं अस्तर नवं घातलंय. चेन बी नवी. नाडी काढून टाकलेली, त्यामुळं कळायला काय मार्गच न्हाई."

चंद्राबाईनं सुपातल्या तांदळावरून हात फिरवला, सपाट केले. मग परत विस्कटले.

"नाडी काढली आसंल," ती म्हणाली. "भोकं तर ऱ्हात्यात न्हवं?"

त्याचं पक्कं केलेलं वाक्य तिथवर येत नव्हतं. पायाशी काही तांदूळ सांडले होते. तो वाकून एकेक उचलायला लागला.

ती उठली. सूप बाजूला ठेवलं. त्याच्याजवळ येऊन त्याच्या खांद्यावरची पिशवी काढली, भिंतीपाशी गेली, आणि मधल्या खुंटीला अडकवली.