पुठ्ठ्याची ताई

आता सांगतो ती गोष्ट तुमच्यापैकी एकालाही पटायची नाही, लावा पैज. माझ्या थापा पचवून या बाकावरच्या मंडळींची पोटं दगडासारखी झालीत, तरी ही घशातच अडकेल, कारण ही खरी आहे. एका माणसाने आपला संग्रह पुरा व्हावा म्हणून लग्न केलं, आणि ती बायको म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण.

"झालं सुरू," टायरवाला म्हणाला.

बाक त्याच्याच दुकानाबाहेरचा. रोज त्यावर मी आणि निवृत्त पोस्टमन असतो. आज माझी भाचीही होती, या ताईचीच मुलगी. तिच्या गाडीचं चाक टायरवाल्याने खोलून ठेवलं होतं म्हणून बिचारी अडकली. नाहीतर मामाच्या गोष्टीला हल्ली कोण थांबतं! मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

तर शिकरा नावाची एक गाडी होती. शर्यतीच्या गाडीच्या घाटाची, दोन दारांची, आणि बोनेट एवढं लांब, की पुढचे दिवे चौकात पोचले तरी चालवणारा आपला घराच्या फाटकातच.

"आणि वळायची कशी?" पोस्टमन.

वळायचीच नाही. म्हणून तर कंपनी बुडाली. गाड्या बनल्या मोजक्या, जाहिरात मात्र मुबलक. टोप्या, बिल्ले, कीचेन, ॲशट्रे, छत्र्या, कॅलेंडरं, सगळ्यावर पंख पसरलेला शिकरा पक्षी. गाडी फारशी कुणी घेतली नाही, पण पाऊस आला की अख्खा रस्ता शिकराच्या छत्रीखाली.

ताई त्यांच्या शोरूममध्ये टेलिफोनवर बसायची. पोस्टरच्या फोटोच्या दिवशी मॉडेलबाई आल्याच नाहीत. फोटोवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ताईलाच उभं केलं. पिवळा झगा बाईंच्या मापाचा, ताई आमची काडी. मग मागून कागदाचे चिमटे लावून झगा आवळला. बूट चढेनात, तेव्हा ते काढून पाय चाकाआड लपवले. हात बोनेटवर, हनुवटी वर. अशी काही दिसली म्हणता! फोटो पोस्टरवर गेला, कॅलेंडरवर गेला, आणि प्रत्येक शोरूमच्या दारात तिच्याच उंचीचा पुठ्ठ्याचा कटआउट उभा राहिला. तिला काय मिळालं? एक छत्री.

कंपनीला टाळं लागल्यावर काही वर्षांनी एक माणूस आमच्या दारात आला. विमा कंपनीत नुकसान तपासायच्या कामावर होता. हातात पोस्टरची गुंडाळी. ताईकडे बघतो, पोस्टरकडे बघतो, पुन्हा ताईकडे. आईला वाटलं, कॅलेंडर विकायला आलाय, ती म्हणाली, "आम्हाला नको." तो म्हणाला, "मला हवंय."

मग त्याने ताईला एकच प्रश्न विचारला. "या चाकाआड तुमच्या पायात काय होतं?"

शिकराचं सामान जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, आणि तिथे यावरून भांडणं व्हायची. कुणी म्हणे उंच टाचा, कुणी म्हणे सपाता. दोघांनी तर बोलणं टाकलं होतं.

"काही नव्हतं. अनवाणी होते मी," ताई म्हणाली.

तो तिथेच पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. आता हसू नका. ताईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आपल्या पावलांसाठी कुणी डोळ्यांतून पाणी काढतोय, हे कुठल्या मुलीला खरं वाटणार नाही? तिला ते प्रेमच वाटलं. तिचं चुकलं म्हणायची माझी हिंमत नाही. पण तो रडत होता मंडळातला वाद जिंकला म्हणून; अनवाणी म्हणणारा तो एकटाच होता.

"आणि तू लग्न होऊ दिलंस?" टायरवाल्याने विचारलं.

मला कोण विचारतं! माझं मत तेव्हाही या बाकाइतकंच वजनदार होतं.

दाजींचं घर म्हणजे शोरूमच. बिल्ले काचेत, माहितीपत्रकं प्लास्टिकच्या पिशव्यांत, आणि ॲशट्रे असा की त्यात जन्मात राख पडलेली नाही. शोरूमच्या शेवटच्या दिवशी विक्रेत्याने फुगवलेला एक फुगाही होता, त्या विक्रेत्याच्या श्वासासकट. त्या खोलीत शिंक आली तर आधी अंगणात पळायचं.

"फुगा इतकी वर्षं टिकतो होय?" पोस्टमन.

टिकला. मी स्वतः त्याला हात जोडलेत.

या सगळ्यात ताईची एकच जागा होती, पुढच्या खोलीची खिडकी. घरात ऊन येणारी तेवढीच. तिथे तिने शिलाई मशीन मांडलं. लहान मुलांचे झगे शिवायची. काज इतकं बारीक घालायची, की मुंगीने म्हणावं, मलाही एक सदरा शिवून दे. वर्षातून एकदा दाजी तिला मंडळाच्या मेळाव्याला न्यायचे. कुणाच्या तरी शिकराच्या बोनेटवर हात ठेवून ती उभी राहायची, माणसं शेजारी फोटो काढायला रांग लावायची. तिला आवडायचंही ते. खोटं कशाला बोलू.

मग दाजींना कुठल्याशा गोदामात कटआउट सापडला. अख्खा, कोपरासुद्धा न दुमडलेला. पोटच्या पोराला आणावं तसा चादरीत गुंडाळून आणला. उभा कुठे करायचा? पुढच्या खोलीत. आणि खिडकीला आतून जाड, काळा पडदा लावला.

"अहो, मला सुई दिसत नाही," ताई म्हणाली.

"दिवा लाव की."

"दिवसाढवळ्या?"

"उन्हाने रंग उडतो. पिवळा तर सगळ्यात आधी."

"माझाही उडालाय."

"तो काय, उडणारच," दाजी म्हणाले. विनोद नव्हता हो तो. नुकसान तपासणाऱ्याचा अहवाल होता.

पुढच्या मेळाव्याला पुठ्ठ्याची ताई गाडीत पुढच्या सीटवर, पट्टा लावून, आणि खरी मागे टोप्यांच्या खोक्याशेजारी. त्याच्या पुढच्या वर्षी खरीला नेलंच नाही. मीच विचारलं, "दाजी, ताई का नाही?" तर म्हणतात, "लोक पोस्टरशी ताडून बघतात रे. तिलाच वाईट वाटतं." केवढी काळजी! आल्यागेल्याला पुठ्ठ्याचीच ओळख करून द्यायचे, "ही आमची." ताई चहाचा ट्रे घेऊन मागे उभी.

मशीन स्वयंपाकघरात गेलं, पिवळ्या बल्बखाली. काजं चुकायला लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गिऱ्हाइकं तुटली. शेवटी मशीनवर झाकण बसलं ते बसलंच. आणि ती बाई मागत काय होती? दागिना नाही, प्रवास नाही. सकाळी तासभर तो पडदा सरकवा, एवढंच. मी दाजींशी भांडलो, मोठ्याने भांडलो. फुगा तेवढा हलला. पडदा नाही.

इथे मी थांबलो. टायरवाल्याने हातातला पाना खाली ठेवला होता.

"मग?" पोस्टमन म्हणाला. "केलं की नाही बाईने काही?"

केलं म्हणजे! आमची ताई आहे ती. दाजी मंडळाच्या कामाला बाहेरगावी गेले, चांगला उन्हाळाभर. त्यांची पाठ वळल्यावर तिने पडदा खसकन ओढून काढला. कटआउट उचलला आणि खिडकीत उभा केला, तोंड उन्हाकडे. रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून ही शिवायला बसायची. आधी झगा गेला, मग केस गेले, मग ओठ. दाजी परतले तेव्हा खिडकीत नुसता बाईच्या आकाराचा पांढरा पुठ्ठा! दाजींनी पायरीवर बसून हंबरडा फोडला, पहिल्यासारखाच. ताई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "जरा बाजूला सरका, उजेड अडतोय."

"शाब्बास!" टायरवाल्याने मांडीवर थाप मारली. पोस्टमन चष्मा पुसायला लागला. फुग्यावर शंका काढणारा माणूस, पण हे त्याला पटलं. "आणि त्या काळ्या पडद्याचं काय केलं?" एवढंच त्याने विचारलं.

पडद्याचं? त्याचे तिने झगे शिवले, अख्ख्या गल्लीतल्या पोरींना...

"मामा, पुरे," भाची म्हणाली. मोबाइल तिने कधी खाली ठेवला होता, मला कळलंच नाही. "खोटं आहे हे सगळं. पडदा आहे तिथेच आहे. परवा बाबा घरात नव्हते म्हणून मी सरकवला, तर आईच धावत आली आणि तिने तो पुन्हा ओढून बंद केला. मला म्हणाली, असं करू नको गं, तिला ऊन लागेल."