दाराशी गेलेला हीटर

मित्रांनो, जरा जवळ सरका, पण जाळीला बोट लावू नका हं. दोन तारांचा, चार चाकांचा, पाठीला पोचा आलेला मी एक जुना हीटर. आज मी फार खुशीत आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

कारखान्यात पहिल्यांदा वीज अंगात शिरली आणि माझ्या तारा लालेलाल झाल्या, तेव्हा मला केवढा हुरूप आला होता! तिथून मी थेट बटणांच्या कार्यशाळेत आलो. तिथे सहाजणी एका लांबट खोलीत बसून कागदी कार्डांवर बटणं टाचतात, एका कार्डावर बारा. उन्हाळाभर मी जिन्याखाली फडक्यांच्या ढिगात पडून असायचो. माझी कुणाला आठवणही नसायची. थंडी पडली की मात्र माझा भाव वधारायचा.

हीटर एक आणि गारठणाऱ्या सहा. म्हणून मुकादमांनी नियम केला होता: काल जिची कार्डं सर्वांत जास्त, आज हीटर तिच्या टेबलाशी. नियम कसा चोख आहे, हे ते ज्याला त्याला सांगायचे. वर्षानुवर्षं मी एका काकूंच्याच पायाशी, सगळ्या त्यांना 'झटपट काकू' म्हणायच्या. त्यांची सुई अशी पळायची की बघत राहावं. मला वाटायचं, काय जोडी जमलीय आमची!

यंदा दाराजवळच्या टेबलावर नवी ताई आली. ते दार सारखं उघडायचं आणि वारा थेट तिच्या बोटांवर. सुई निसटायची, बटणं घरंगळायची, कार्डं जेमतेम वीस व्हायची. मुकादमांनी बजावलं, शनिवारपर्यंत तीसवर गेली नाहीत तर सोमवारी येऊ नका. घरी लहानगी लेक आणि आजारी सासू. ताई बोटांवर फुंकर घालत सुई ओढत राहिली.

तेवढ्यात काकूंच्या नातवाला ताप आला आणि त्यांनी मंगळवारी रजा घेतली. झालं! रजेच्या दिवशी कार्डं शून्य, म्हणून बुधवारी नियमाप्रमाणे मी शेजारणीच्या टेबलाशी. काकूंच्या पायाखाली गार फरशी. दुपारीच त्यांची बोटं आखडली. एरवी चाळीस कार्डं, त्या दिवशी बावीस. त्या कितीतरी वेळ आपल्या हातांकडेच बघत बसल्या. मग उठल्या, शेजारणीला विचारलं, माझी दांडी धरली आणि मला गडगडत दाराशी नेलं.

मुकादम लगबगीने आले. नियम सगळ्यांना सारखा आहे, म्हणाले.

"नियम सारखा आहे हो साहेब, पण गारठा कुठे सारखा आहे?" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटायचं, माझे हात चलाख. त्यातला निम्मा वेग या हीटरचा होता. शनिवारपर्यंत हा इथेच राहू दे."

बाकीच्याही सुया खाली ठेवून उभ्या राहिल्या. मुकादम दाढी खाजवत परत गेले.

मित्रांनो, त्या तीन दिवसांत मी जीव तोडून तापलो! गुरुवारी पंचवीस, शुक्रवारी एकोणतीस. शनिवारी मुकादमांनी ताईची कार्डं दोनदा मोजली. चौतीस! ताई हसत होती की रडत होती, मला कळेना. काकूंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाल्या, "आता माझ्या पुढे जाऊ नकोस गं बाई."

नियमाचा कागद मुकादमांनी स्वतःच भिंतीवरून काढला. आता दाराला जाड पडदा आहे आणि मी पाळीपाळीने सहाही टेबलांशी जातो. एकीला ऊब देण्यात एवढी मजा कधीच नव्हती.

तेव्हा मित्रांनो, थंडीआधी आमच्या जाळीतली धूळ झटका, वायर तपासून घ्या. आणि कुणी कामात मागे पडलेलं दिसलं, तर रागावण्याआधी त्याचा हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा.